नाखवीण आणि सिलोनचे बोंबील

नाखवीण भाव सांगायची तो एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की टोपली डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायची. लालबागच्या आमच्या चाळीत घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा कुणी घेत नसे, तिथे हिचा हा तोरा! पहिल्यांदा मी तिला जिन्यापर्यंत जाऊ दिलं. म्हटलं, येईल झक मारत परत. कसली येतेय! शेवटी हातातल्या पळीसकट मीच खाली धावले. ती मागे न बघता म्हणाली, "आलीस? मंग मगाशीच का नाय घेतलंस?"

माझी खानावळ होती. सासूबाईंनी सुरू केलेली, त्यांच्यामागे मी चालवत होते. जेवायला सगळे गिरणीतले गडी. बायकामुलं कोकणात, आणि जीव अडकलेला ताटातल्या मासळीत. आमटी पातळ झाली तर सोसतील, पण मासळी शिळी लागली की तोंडं वाकडी. नाखवीण वरळीच्या कोळीवाड्यातून यायची. नवरा वादळात गेला, होडी हिच्याकडे राहिली. मुलगा पांडू तिचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. पण मालकीण ही, म्हणून सगळे नाखवीणच म्हणायचे. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. ती मला 'बाय' म्हणायची, मी तिला 'नाखवीणबाई'.

ओली मासळी ती दारोदार विकायची, पण होडी चालायची ती सुक्या बोंबलांवर. थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहायच्या, त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळायचे. ते गठ्ठे दलालामार्फत आगबोटीने सिलोनला जात. त्या पैशातून जाळ्यांचं सूत यायचं, होडीची डागडुजी व्हायची. मी एकदा देवदर्शनाला वरळीला गेले होते, तेव्हा ती बोंबील टांगत बसली होती. दोन बोंबील घ्यायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाली, "एकटं टांगलं तर वारा पाडतो बाय. दोघांनी एकमेकांना धरलं की सुकतं, पन पडत नाय."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चाळीत तोच विषय, नाक्यावर तोच. अशात एका सकाळी नाखवीण आली ती टोपली न घेताच. चुलीपाशी बसली आणि पाणी मागितलं. सिलोनच्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंधनं घातली होती, परवाने थांबले होते. दलालाने गोदामातले गठ्ठे परत पाठवले. वर तोंड करून म्हणाला, खतासाठी द्यायचे तर नेतो, आणि होडी विकायची झाली तर गिऱ्हाईक बघतो. पांडूने तर गिरणीत बदली कामगार म्हणून लागायची बोलणी सुरू केली होती.

"त्यांचा दर्या आन आमचा दर्या एकच नं?" ती म्हणाली. "मंग मधी दार कुनी लावलं?"

मी काय सांगणार, कपाळ! मी आपली म्हटलं, वाईट झालं हो. तेव्हा ती फणकारली. "वाईट म्हनायला नाय आली मी. मानसाच्या तोंडचा घास मी मातीत गाडनार नाय. होडी तर नायच इकनार. नारली पुनवेला माझी होडी पान्यात जानार म्हनजे जानार. तू गठ्ठं किती घेतेस, बोल."

आधी तिने कोळीवाडा आवळून धरला होता. घरोघरी जाऊन बायकांकडून कबूल करून घेतलं, की खताला कुणी एक बोंबील द्यायचा नाही. एकीने दिला की सगळ्यांना द्यावा लागेल, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि मग ती निघाली लालबाग-परळच्या खानावळी पालथ्या घालायला. पहिली मी.

मी गठ्ठा घेतला. नेहमीसारखे बोंबील भिजवले, वांग्यात टाकले, वाढले. आणि काय सांगू, नुसती फजिती! आगबोटीच्या प्रवासात टिकावेत म्हणून ते लाकडासारखे कडक वाळवलेले. गडी चावताहेत, चावताहेत, गिळवत काही नाही. सावंत म्हणून एक जुना गडी होता, तो ताट सरकवून म्हणाला, "बाई, हे बोंबील म्हणायचे का गिरणीतला पट्टा कापून घातलात?" सगळी खानावळ हसली. माझं डोकं असं फिरलं! दुसऱ्या दिवशी नाखवीण येताच मी फैलावर घेतली. "सिलोनच्या लोकांचे दात काय लोखंडाचे असतात?"

तिने टोपली खाली ठेवली. पदर खोचला आणि माझ्याच स्वयंपाकघरात बसली. बोंबलांची डोकी मोडली, ते निखाऱ्यावर खरपूस भाजले, पाट्यावर वरवंट्याने ठेचले. त्यात लसूण, लाल मिरची, ओलं खोबरं, वर कोकम. वासानेच सावंत पाय न धुता आत आला. भाकरीबरोबर त्या चटणीचा फडशा पडला, मला चाखायलाही उरली नाही. नाखवीण हात धूत म्हणाली, "माल चांगलाच हाय. आता सगल्या खानावलींत जाऊन असंच बसनार."

आणि खरंच बसली. दुपारची झोप नाही, पायात वहाण नाही. कुठे बाया अंगावर आल्या, कुठे हाकलून दिलं, ही दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. हळूहळू गठ्ठे हलायला लागले.

मग चळवळीचा तो कडकडीत हरताळ आला. बाजार बंद, भाजी नाही, ओल्या मासळीचं नाव नाही, ट्राम-बस ठप्प. नाक्यानाक्यावर पोलीस. मोर्चाहून आलेले गडी घसा बसलेले, भुकेने कावलेले. माझ्याकडे बोंबलांचा शेवटचा चुरा उरला होता. आणि दारात नाखवीण! वरळीहून चालत, डोक्यावर टोपली. वाटेत एका हवालदाराने अडवलं, टोपलीत दगड आहेत का म्हणून. हिने झाकण काढून टोपली त्याच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "हुंग!" बिचारा दोन पावलं मागे सरकला. त्या दिवशी आमच्या आळीतल्या प्रत्येक खानावळीत भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. कोणी उपाशी झोपलं नाही. सावंत जेवून उठला आणि नाखविणीच्या पाया पडला.

पावसाळ्याआधी कोळीवाड्यातला माल संपला. खताला काही गेलं नाही. नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम वरळीला गेले. नव्या सुताने विणलेली जाळी, रंगवलेली होडी, पांडू सुकाणूपाशी. नाखविणीने दर्याला नारळ दिला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. काही काळाने सिलोनचे परवानेही पुन्हा सुटले. तोच दलाल गोड बोलत कोळीवाड्यात आला, सगळा माल द्या म्हणाला. नाखविणीने त्याला वाळूत ताटकळत ठेवलं. "दार लागलं तवा लालबागनं खाल्लं. आधी लालबाग, मंग सिलोन." खानावळींचे गठ्ठे बाजूला काढल्यावरच तिने त्याच्याशी भाव केला. भाव अर्थातच एकदा सांगितला.

ती गेली ऐन पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. शेवटचं तोंडही दिसलं नाही, ही चुटपुट अजून आहे. त्या थंडीत मला वाटलं, आता कोण येतंय आपल्याकडे. तर एका सकाळी पांडूची बायको दारात टोपली उतरवून उभी. "सासूबाय सांगून गेली," ती म्हणाली, "पयला गठ्ठा तुमचा."

मी पुढे होऊन गठ्ठा चाचपला. काहीतरी बोलायचं म्हणून भाव विचारला. तिने सांगितला. मी सवयीने म्हटलं, "अगं, थोडं कमी कर की."

तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि जिना उतरायला लागली. डोळे पुसत, हातातल्या पळीसकट मी तिच्यामागे धावले.