चकचकीत रॉड

दार आपटू नये म्हणून टेकवून ठेवलेला लोखंडी रॉड आज पुसायला घेतला, आणि त्याच्या जुनाट तेलकट वासाने मला रामनगरच्या भंगारवाल्याकडे नेलं.

तेव्हा मी हौसेने काशीतल्या घरी लोखंड कातायचा छोटा लेथ घेतला होता. नवं लोखंड परवडेना, म्हणून मी आणि बायको गंगेवरचा पूल ओलांडून त्याच्याकडे गेलो. ढीग उन्हाने तापला होता, जळक्या ग्रीसचा वास येत होता. कशासाठी हवंय ते सांगून मी एक चकचकीत रॉड उचलला. तो म्हणाला, "ये मत लीजिए, पंडितजी. वो ले जाइए." आणि गंजका तुकडा पुढे केला, तोही त्याच भावात.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुकानदारासमोर गुपित बोलायचं ते मराठीत, ही काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आम्हा मराठी लोकांची जुनी सवय. मी बायकोला म्हटलं, "लबाड आहे. चांगला माल दडवतोय आणि गंजका गळ्यात मारतोय."

तो तराजू पुसत राहिला. मग शांतपणे मराठीत म्हणाला, "साहेब, तो रॉड फार कडक आहे. तुमच्या छोट्या मशीनवर कापायचं टूल तुटेल. मी पुण्यात बारा वर्षं लेथ चालवलाय."

बायकोने मान खाली घातली. मला मात्र वाटलं, मराठी येतं हे लपवून आमचं ऐकणारा माणूस सरळ कसा असेल? मी चकचकीतच घेतला. पहिल्याच कापाला टूल तुटलं, आणि रॉड तेव्हापासून दाराला टेकण म्हणून राहिला.

गंगेपलीकडे माझ्याशी मराठीत बोललेला तो एकच माणूस, आणि मी नेमका त्याच्यावरच विश्वास ठेवला नाही.