फळफळलेलं नशीब

नशीब फळफळलं, म्हणे. पिंपळगावात मनकर्णाबाईबद्दल ज्याच्या त्याच्या तोंडी हेच, आणि ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा गेल्यावर ती घरोघरी जाऊन लग्नाच्या कुरडया करून द्यायची. गव्हाचा चीक हाटून हाटून मनगटं सुजायची, वाफेनं हात भाजायचे. तेव्हा या नशिबाचा कुठं पत्ता नव्हता. आता तिच्या कुरडया शेगावच्या दुकानांत जातात, हाताखाली चार बाया आहेत, तर सगळं नशिबानं केलं.

त्या सकाळी ती शेषराव किराणावाल्याकडे हिंग घ्यायला गेली. दुकान नुकतंच उघडलं होतं. शेषराव हसत पुढे आला.

"या वहिनी. नशीब फळफळलं तुमचं. आज बोहनी तुमच्याच हातानं होऊ द्या."

मनकर्णाबाई पायरीवरच थबकली. दिवसाची पहिली विक्री विधवेच्या हातानं नको म्हणून हाच माणूस तिला याच पायरीवर ताटकळत ठेवायचा. दुसरं गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत तिच्याकडे बघायचासुद्धा नाही.

तिनं पदर खोचला आणि पायरीवरच बसकण मारली.

"आत या ना वहिनी. बाहेर काऊन बसल्या?"

तिनं दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. भाजल्याचे जुने डाग अजून तसेच होते.

"हात तेच हायेत, शेषरावभाऊ," ती म्हणाली. "तुमची बोहनी होऊ द्या, मंग येते आत."