राग अष्टागरी आणि त्याचे कर्ते

पंडित गुणाजीबुवांनी आजवर त्रेचाळीस बंदिशी रचल्या. त्यातल्या बेचाळीस मला आज आठवत नाहीत. त्रेचाळिसावी विसरता येत नाही, कारण ती त्यांची नव्हती. वीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसलो, तेव्हा एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

'पंडित' ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती. पुण्यात आठ वर्षं गाणं शिकून ते नागावला आले, दारावर पाटी लावली आणि पाटीवर ती आपोआप उगवली. समोर समुद्र, मागे नारळाची वाडी, पण बुवांच्या बंदिशीत कायम जमुनेचा काठ. जमुना त्यांनी कधी पाहिली नव्हती. हिंदी म्हणाल तर रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. शनिवारी होमस्टेच्या अंगणात मुंबईचे पाहुणे सुरमई खाता खाता त्यांचं गाणं ऐकायचे, आणि बुवा मला सांगायचे की श्रोता घडवावा लागतो.

त्यांची आई सोनूबाई रेवदंड्याच्या आतल्या गावात राहायची. ती धवलारीण. आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाते ती बाई. तिच्यावाचून लग्न लागत नाही. बुवा मात्र लोकांना 'आई शेती बघते' एवढंच सांगत. म्हातारीला एकच घोर होता. तिच्यामागे धवले म्हणणारं गावात कोणी उरलं नव्हतं. तिने लेकाला दोनदा सांगितलं, वहीत उतरवून घे. बुवा म्हणाले, ते गाणं नव्हे, तो नुसता रिवाज आहे.

आणि साठीच्या वर्षी बुवांना स्वतःचा राग सुचला. नाव ठेवलं अष्टागरी, आमच्या किनारपट्टीच्या नावावरून. त्यातल्या बंदिशीची स्वरलिपी मीच लिहिली, आणि लिहितानाच चाल ओळखली. माझ्या बहिणीच्या पाठवणीला सोनूबाईने हेच गायलं होतं. मी गप्प बसलो. पेटीवाल्याने असं विचारायचं नसतं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

बंदिशींच्या पुस्तकाचं प्रकाशन अलिबागला होतं. हॉल भरावा म्हणून बुवांनी गावाकडून टेम्पोभर भावकीतल्या बाया आणवल्या आणि मागच्या रांगांत बसवल्या. सोनूबाई त्यांच्यातच होती. धवल्याची एक रीत आहे. धवलारणीने ओळ टाकली की बाकीच्या बायांनी ती झेलायची, म्हणजे लगेच उचलून म्हणायची. झेलली नाही तर नवरीला अशुभ. हे बुवांना ठाऊक असायला हवं होतं. पण श्रोते गप्प बसून ऐकतात, हे ते पुण्यात शिकून आले होते.

बुवांनी डोळे मिटून मुखडा घेतला. समेवर आले, आणि मागून वीस-पंचवीस बायांनी ओळ झेलली, आपल्या शब्दांसकट. थट्टा अजिबात नव्हती. लहानपणापासून करत आल्या तेच त्यांनी केलं.

पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे हरखून गेले. त्यांनी माइक घेऊन विचारलं, हा नवा राग या बायांना कसा येतो? तिथे बुवांना सुटायला जागा होती. माझ्या आईचं आहे, एवढंच म्हणायचं. टाळ्या पडल्या असत्या, आणि वर रागही त्यांच्याच नावावर राहिला असता. तेवढीही अक्कल नव्हती.

"मीच शिकवलंय त्यांना," बुवा म्हणाले.

सोनूबाई उठून उभी राहिली. ऐंशी उलटलेली, पण आवाज माइकवाचून पोचणारा.

"तू शिकवलंस व्हय? मंग गुन्या, फुडची ओळ म्हन."

पुढची ओळ बुवांना येत नव्हती. येणार कुठून? ती मांडवाबाहेर म्हणतात, नवरी गाडीत बसताना, आणि बुवा प्रत्येक लग्नात तोवर जेवून निघालेले असत. त्यांनी एक तान मारून पाहिली. म्हातारीने मान हलवली.

"अर्धं टाकून जाता येत न्हाय," ती म्हणाली आणि स्वतःच गायला लागली.

बुवांनी मला पेटी थांबवायची खूण केली. मी ती पाहिली, आणि म्हातारीचा सूर शोधून पेटी तिच्यामागून नेली.

दुसऱ्या दिवशी बुवांनी मला काढून टाकलं. आता दर गुरुवारी मी वही घेऊन सोनूबाईकडे जातो. तिने लेकालाही बोलावणं धाडलं होतं. ते आले नाहीत. नवी बंदिश चालू आहे म्हणे, पुन्हा जमुनेवरच. वही उघडली की म्हातारी आधी दाराकडे बघते, मग पहिली ओळ टाकते. ती झेलायला मीच असतो.