हवेतला कार्बन, प्रमिलाबाईंची चूल आणि जळगाव जामोदचं भरीत

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी गोव्याची तिकिटं बघत होते. "बुलढाण्याला येतेस का? जाण्यायेण्याचा खर्च नाही, राहायची सोय आहे. फक्त एका पाहुण्याला मराठीतलं इंग्रजीत सांगायचंय." फुकट म्हटलं की माझी प्रवासाची आवड एकदम उसळी मारते. गोवा काय, कुठे पळून जाणार नव्हता.

मुग्धा माझी शाळेतली मैत्रीण. ती नक्की काय काम करते हे तिच्या आईला अजून कळलेलं नाही. मलाही ते गाडी नगर ओलांडून गेल्यावर कळलं. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उरतात. वऱ्हाडात त्याला पऱ्हाटी म्हणतात. ती उपटून बरेच जण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून देतात आणि सगळा कार्बन धूर होऊन वर जातो. तीच पऱ्हाटी खड्ड्यात कमी हवेत जाळून वेळेवर पाणी मारलं तर कोळसा होतो. तो शेणखतात कालवून मातीत घातला की कार्बन तिथेच बसून राहतो. परदेशातल्या कंपन्या स्वतःच्या धुराचं पाप फेडायला याचे पैसे देतात.

"म्हणजे धूर त्यांनी करायचा आणि कोळसा इथल्या शेतकऱ्यांनी," मी म्हटलं.

"तू हे पाहुण्यासमोर बोलू नकोस," मुग्धा म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव. पऱ्हाटी नाहीतरी पेटवूनच देतात, म्हणून पैसे मिळतात. ती दुसऱ्या कशाला वापरली जात असेल तर मोजतच नाहीत."

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगते. पुण्याहून पहाटेच निघा. संभाजीनगर, जालना आणि मग देऊळगाव राजा, इथवर रस्ता चांगला आहे. देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घ्या, नाही घेतलं तर निदान स्टँडसमोर चहा घ्या. चिखली, बुलढाणा करत राजूरचा घाट उतरलात की हवा बदलते, म्हणजे स्वेटर काढावा लागतो. आम्ही मोताळ्याकडून हायवेला लागलो, वडनेर भोलजीला मिरचीची गरम भजी खाल्ली आणि नांदुऱ्याहून वर वळलो. रोख पैसे जवळ ठेवा, कारण फोनची रेंज आपल्या मर्जीने येते-जाते. फेब्रुवारी उलटून गेला असेल तर जाऊच नका, उन्हाने भाजून निघाल.

जळगाव जामोदला पोचलो तेव्हा लांब सातपुडा निळा दिसत होता आणि जवळ एका मंगल कार्यालयावर बॅनर दिसत होता, 'क्षमता बांधणी कार्यशाळा'. कोणाची क्षमता, कुठे बांधायची, हे त्यावर लिहिलं नव्हतं. आत एक तरुण साहेब वितळणाऱ्या हिमनगाचा फोटो दाखवत होते. समोर बसलेले शेतकरी तो लग्नाचा व्हिडिओ बघावा तसा शांतपणे बघत होते. "प्रश्न विचारा," असं साहेबांनी तिसऱ्यांदा म्हटल्यावर मागून एकाने विचारलं, "जेवन कवा हाये?" माझ्या मते त्या दिवसातला तो सर्वांत मुद्देसूद प्रश्न होता.

आमचा पाहुणा म्हणजे जोसेफ. केनियाचा, उंच, हळू बोलणारा. पैसे देणाऱ्यांच्या वतीने तो सगळं तपासायला आला होता. त्याच्या देशात त्याने हेच काम मक्याच्या बुरकुंडांवर, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांवर, केलं होतं. त्याने होकार दिला तर आसपासच्या गावांत खड्डे होणार, बायकांना हंगामभर मजुरी मिळणार आणि मुग्धाचं काम चालू राहणार. नाही म्हणाला तर सगळं बंद. मुग्धा आदल्या रात्रीपासून नखं खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गजाननभाऊंच्या वावरात गेलो. या भागात दर दुसरा माणूस गजानन असतो, पण हे गजाननभाऊ वेगळे. फोटोत येणार म्हणून त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कोळशाच्या खड्ड्यापासून तो मळणार नाही बरोबर तेवढ्या अंतरावर उभे होते. पलीकडे आठदहा बाया लोखंडी चिमट्याने पऱ्हाटी उपटत होत्या. त्यांच्या पुढारी प्रमिलाबाई. पन्नाशीच्या, अंगाने सडसडीत, आवाज मात्र धुऱ्यापार जाणारा. आम्हाला "जय भीम" करून त्यांनी पहिल्यांदा जोसेफला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"किती उंच हाये व माय," त्या मला म्हणाल्या. "याले जेवाले काय देता?"

हे मी इंग्रजीत सांगितलं. जोसेफ मनापासून हसला आणि कामाला लागला. या पऱ्हाटीचं एरवी काय करता, असं त्याने जमलेल्या शेतकऱ्यांना विचारलं.

"पेटून देतो," सगळे एका सुरात म्हणाले. शाळेतल्या पाढ्यासारखा सूर लागला होता. मी मुग्धाकडे पाहिलं, ती आभाळाकडे बघत होती.

मग जोसेफ वळला आणि त्याने तोच प्रश्न प्रमिलाबाईंना विचारला. मी तो मराठीत केला.

"ही? ही तं आमची असते ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जी उपटते तिची. रोज सांजच्याले मोळी नेतो न उरली ते धुऱ्यावर रचून ठेवतो. चुलीले लागते."

"गॅस हाये ना तुमच्या घरी?" गजाननभाऊ मधेच म्हणाले.

"हाये. पाहुने आले का लावतो." त्या माझ्याकडे वळल्या. "यंदा हे म्हन्ते नेऊ नका, खड्ड्यात टाकाची हाये. मंग आमी कायच्यावर रांधावं? जंगलात गेलो तं फारेस्टवाले धरते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोसेफला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. "त्याही तेच म्हणतायत," एवढं बोलले असते तर काम झालं असतं. मला खोटं बोलायला फारसं जड जात नाही, लग्नांतल्या जेवणाची स्तुती मी नेहमी करते. पण ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, माझे शब्द तिला समजणार होते असं नाही, तरी बघत होती.

"काय सांगू?" मी मुग्धाला हळूच विचारलं.

तिचा चेहरा उतरला होता. "ती बोलली ते सांग," ती म्हणाली. "आम्ही सगळा सर्व्हे शेतमालकांचा केला गं. उपटतं कोण, ते विचारलंच नाही."

मी सगळं सांगितलं, गॅसच्या पाहुण्यांसकट. जोसेफ चकित झाला नाही. ही चूल या जळतणावर किती दिवस चालते, असं त्याने विचारलं. पावसाळ्यापर्यंत, असं उत्तर आलं. त्याच्या गावातही बुरकुंडं आईच्या चुलीत जायची, तो म्हणाला. पहिल्या वर्षी प्रकल्पाने ती सगळी गोळा केली आणि बायका झाडं तोडायला लागल्या. कागदावर कार्बन वाचला आणि टेकडी बोडकी झाली.

गजाननभाऊंना हे पटलं नाही. "वावर माह्यं, तं पऱ्हाटी माही," ते म्हणाले.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या, "मंग उपटा तुमी." आणि त्यांनी चिमटा त्यांच्या पुढे धरला.

बाया हसायला लागल्या, मग शेतकरीही. गजाननभाऊंनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. फेब्रुवारीत मजूर मिळत नाहीत हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ठरलं की आधी चुलीपुरती पऱ्हाटी बाया नेतील आणि उरलेलीच खड्ड्यात जाईल. एवढं ठरवायला मुग्धाच्या कंपनीला आणखी तीन हंगाम लागले असते, इथे चहा थंड व्हायच्या आत झालं.

मग खड्डा पेटवला. पऱ्हाटी थोडी थोडी टाकत गेले, धूर जवळजवळ नाहीच. पाणी मारल्यावर काळा, चकचकीत कोळसा निघाला. गजाननभाऊंनी तो मिठाईसारखा चिमटीत धरून पाहिला. दुपारी त्यांच्याच वावरात वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी झाली. भरीत तुरीच्या काड्यांवर भाजलेलं, वरून कच्चं तेल आणि पातीचा कांदा. एवढ्यासाठीसुद्धा इतकं अंतर परत जाईन. जोसेफने तीन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा प्रमिलाबाईंना त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पुण्याला परत आल्यावर मी सगळ्यांना फोटो दाखवले. सातपुडा सुंदर आला आहे, गजाननभाऊ त्याहून सुंदर. जोसेफने अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि चुलीचा वाटा सोडून उरलेल्या पऱ्हाटीला पैसे द्यावेत असंही लिहिलं. दीड महिन्याने वरून उत्तर आलं. या गावातला हिशेब गुंतागुंतीचा असल्याने ते वगळण्यात येत आहे. पैसे दुसरीकडे वळले, जिथे सगळे शेतकरी एका सुरात "पेटून देतो" म्हणतात आणि बायांना कोणी विचारलेलं नाही. मुग्धाला दुसऱ्या कामावर टाकलं. मला हे कळलं तेव्हा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

परवा प्रमिलाबाईंचा फोन आला. फोटो पाठवण्यासाठी मी नंबर दिला होता.

"म्याडम, जळतण भेटलं," त्या म्हणाल्या. "पन खड्ड्याची मजुरी गेली. खरं मी बोलली न काम बी माह्यंच गेलं, हे कसं हो? दोन्ही भेटाले पायजे होतं. कोनाले सांगाव लागते, नाव सांगा."

मुग्धाच्या वर मुंबई, मुंबईच्या वर आणखी कोणी, त्यांच्या वर कोण ते मला माहीत नाही. जे एक नाव ठाऊक होतं ते सांगितलं. "मुग्धा मॅडमना सांगा."

"त्याईलेच लावला होता अगुदर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्या मलेच इचारून राह्यल्या, कोनाले सांगू म्हनून."