धुऱ्यापलीकडे उडालेलं गवत

काटोल रोडवरच्या आमच्या गावी माझा मोठा भाऊ शेती करतो. मी नागपुरात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी तिकडे जातो. शेतातला नाल्याकाठचा लांबोळा तुकडा कपाशीला कधी मानवला नाही, म्हणून दादाने तिथे मारवेल गवत लावलं. पावसाळा सरला की ते कापायचं, वाळवायचं आणि गोठ्याशेजारच्या टिनाच्या मांडवात गंजी रचायची. त्या गंजीवर तीन गाई उन्हाळा काढतात. गवत नीट वाळलं तर गाई पोसता येतात, नाही तर येत नाहीत. हिशेब इतकाच आहे.

मागच्या वर्षी ते नीट वाळलं नाही. दादाच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. कापलेलं गवत दाताळ्याने खालीवर करणं त्याच्याने होत नव्हतं आणि ऐन वेळी मजूर मिळाले नाहीत. वरून सोनेरी आणि खालून ओलं, असं गवत गंजीत गेलं. काही दिवसांनी आत हात घातला तर चटका बसेल इतकं गरम. मग वास सुटला, पांढरी भुकटी धरली, गाईंनी तोंड फिरवलं.

यंदा कापणीच्या आधीच दादाने सांगून टाकलं, "या वर्षीही गवत गेलं तं गाई देऊन टाकतो. व्यापाऱ्याले बोलावून ठेवलं आहे."

वहिनी तिथेच होती. ती खराटा घेऊन गोठ्यात गेली. घरोघरी दूध घालते ती, आणि तिघींपैकी धाकटी गाय तर तिने बाटलीने पाजून जगवलेली.

शेजारच्या गावातल्या शेतकरी गटाने लहान ट्रॅक्टरमागे लावायचं गवत पालटायचं यंत्र घेतलं होतं. ते आम्ही ट्रॅक्टर आणि ड्रायव्हरसकट भाड्याने आणलं. आडव्या दांडीवर फिरणारे हात, हातांना तारेची बोटं. ट्रॅक्टर चालला की ती बोटं जमिनीलगतचं गवत उचलून मागे उधळतात. ते भुसभुशीत होऊन पडतं, मधून वारा खेळतो आणि वाळायला निम्मा वेळ लागतो. पहिला फेरा झाल्यावर वहिनी म्हणाली, "दहा बायांचं काम एकटं करून राहिलं हे."

मला अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून संत्र्याच्या जाळीच्या पिशवीत दहा किलो हिरवं गवत भरलं, तोंडाला गाठ मारली आणि गवतात सापडावी म्हणून लाल चिंधी बांधली. पिशवी गवताच्या ओळीतच ठेवली, म्हणजे तिला तितकंच ऊन आणि तितकंच दव लागेल. वजन चार किलोच्या आसपास आलं की गवत गंजीत घालण्याजोगं झालं, असं मी धरलं होतं. दादा मूठभर गवत पिळून बघतो. माझा हुकाचा वजनकाटा बघून तो म्हणाला, "गवत जोखून राहिला का सोनं?"

शनिवारी संध्याकाळच्या फेऱ्याआधी पिशवी उचलून बाजूला ठेवायची मी विसरलो. ट्रॅक्टर गेला आणि पिशवी दिसेना. अंधार पडेपर्यंत शोधली.

आता धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेतकऱ्याबद्दल सांगायला हवं. तो आणि दादा एका वर्गात शिकले. मधला धुरा कोणी किती कोरला यावरून दोघांचं एकदा भांडण झालं, सरकारी मोजणी झाली, आणि त्या मोजणीने दोघांचंही समाधान झालं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आमचा तुकडा अरुंद असल्यामुळे यंत्राने कडेचं बरंच गवत त्याच्या वावरात उधळलं होतं. शिवाय शेवटच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला जागाच नव्हती. तिथलं गवत, जवळपास चौथा हिस्सा, कापल्यापासून तसंच पडलेलं होतं, खालून हिरवंगार. ते मिसळलं तर गंजी पुन्हा तापणार. सोडून दिलं तर चारा पावसाळ्यापर्यंत पुरणार नाही.

रविवारी सकाळी पलीकडून हाक आली. "लहान्या! इकडे ये."

तो धुऱ्याजवळ काठी टेकून उभा होता. समोर जमिनीवर माझी पिशवी. तिला हात लावलेला दिसत नव्हता.

"हे तुमचंच ना?"

"हो, माझंच."

"मंग काहून टाकलं माह्या वावरात? लाल कपडा, गाठी मारलेल्या. बायकोनं सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला. म्हणते, वावरात पाय टाकू नका."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल चिंधी, गाठ मारलेली पिशवी, आणि तीही ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या वावरात. आमच्याकडे याचा अर्थ एकच: कोणी तरी करणी केली.

"भाऊ, करणी नाही हो. यंत्रानं उडवली. गवत किती वाळलं ते बघायला ठेवली होती," मी म्हणालो आणि त्याच्यासमोरच पिशवी काट्याला अडकवली. "हे पाहा. साडेपाच. भरली तेव्हा दहा होती. म्हणजे अजून ओलं आहे."

त्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग काठीवर भार देऊन हसत सुटला. वावरातल्या घराकडे तोंड करून ओरडला, "अवं, करणी नाही वं! लहान्यानं गवत जोखायले ठेवलं होतं!"

आतून आवाज आला, "गवत जोखते? दुकान टाकलं काय त्यानं?"

हसणं ओसरल्यावर त्याने आमच्या तुकड्यावरून नजर फिरवली. "ते टोक काहून सोडलं?"

"ट्रॅक्टर वळत नाही तिथं."

त्याने काठी आपल्या मोकळ्या वावराकडे केली. मग म्हणाला, "माह्या वावरात वळवा. हरभरा पेरायचाच आहे अजून. पण धुरा फोडू नका म्हणा तुह्या भावाले. बैलगाडीच्या वाटेनं आणा."

दादा माझ्या मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तोही मलाच म्हणाला, "त्याले सांग, वाटेनंच आणतो."

मी सांगितलं. त्याने मान हलवली. एकमेकांचं सगळं ऐकू येणाऱ्या दोन माणसांमध्ये मी निरोप्या झालो होतो, आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

ट्रॅक्टर त्याच्या वावरात वळला. टोकाचं गवत दुपारपर्यंत दोनदा पालटून झालं. तीनच्या सुमाराला काटोलकडून ढग चढू लागले तेव्हा काटा चार किलोच्या किंचित वर थांबला. टोकाचं गवत दादाने वेगळं पिळून पाहिलं. काडी मोडली. आम्ही गोळा करायला लागलो. दादा डाव्या हाताने ओढत होता, मी आणि वहिनी भारे वाहत होतो. पलीकडून शेतकऱ्याची बायको दाताळं घेऊन आली आणि तिच्या वावरात पडलेलं गवत ढिगाने धुऱ्यावरून आमच्याकडे टाकू लागली.

वहिनी म्हणाली, "राहू द्या वं बाई, आम्ही नेतो."

"राहू कशाले देऊ? तुमचं काहीच नाही पाहिजे आमाले!" ती म्हणाली, आणि शेवटची काडी संपेपर्यंत टाकत राहिली.

पाऊस आला तेव्हा सगळं गवत मांडवात होतं.

दोघांचं बोलणं सुरू झालं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. धुरा होता तिथेच आहे आणि त्यावरचं मतही तेच आहे. पण त्या रविवारी त्याने वावर मोकळं केलं नसतं तर चौथा हिस्सा गवत गेलं असतं, आणि त्या चौथ्या हिश्श्यापायी बाकीचे तीन हिस्सेही पुरले नसते. यंत्राचे उपकार आहेतच, पण यंत्राला वळायला जागा लागते. ती आमच्याकडे नव्हती, त्याच्याकडे होती, आणि त्याने ती दिली. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी एकटाच त्याच्या घरी गेलो. डबा रिकामा परत आला नाही.

गंजीत हात घालून पाहायचं काम वहिनीने घेतलं होतं. मी ऑफिसातून रोज फोन करायचो आणि ती म्हणायची, "थंड आहे." दिवस गेले तरी ती तेच सांगत राहिली.

ठरल्याप्रमाणे व्यापारी आला. दादाने त्याला खाटेवर बसवून चहा दिला आणि गाई विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं. त्याने गोठ्यात एक नजर टाकली आणि विचारलं, "मंग पुढच्या वर्षी येऊन पाहू काय?"

दादा काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "पुढच्या वर्षी काहून? उद्यापासून येजो. बरणी घेऊन येजो फक्त, दूध मोजून देतो."