फ्रीजरमधल्या एकतीस पिशव्या

"पू झालाय," सोनोग्राफीच्या डॉक्टर मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "ब्रेस्ट अ‍ॅब्सेस आहे. बराच आत आहे."

ब्रेस्ट अ‍ॅब्सेस म्हणजे छातीत जंतुसंसर्ग होऊन आतल्या आत साठलेला पू. हा अर्थ मला नंतर कळला. त्या वेळी टेबलावर पडल्या पडल्या मी एवढंच विचारलं, "मॅडम, पंप लावला तर चालेल ना? पंचवीस दिवसांनी माझी ड्युटी सुरू होतेय."

"आधी बऱ्या तर व्हा," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात जेल पुसायला कागद दिला.

मी एसटीत कंडक्टर आहे. नांदेडहून सकाळी निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं आणि तीच गाडी घेऊन परत यायचं. दिवसाचे आठ-नऊ तास बसमध्ये जातात. जिथे पाणी प्यायला दम मिळत नाही, तिथे पंप कुठे लावणार? म्हणून बाळंतपणाची रजा संपायच्या आत घरात दूध साठवायचं, असं मी ठरवलं. माझी मुलगी रेवा तेव्हा सव्वापाच महिन्यांची होती आणि माझ्या दुधाशिवाय तिने दुसरं काही चाखलेलं नव्हतं.

ज्यांची रजा संपत आली आहे आणि ज्या माझ्यासारखाच पंप घेऊन बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या चुका मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला माझ्या नावाने सांगाव्या लागणार नाहीत.

पहिली चूक हावरटपणाची. रेवा पिऊन झाली की मी पंप लावायची. पिशवी भरली नाही तर तासाभराने पुन्हा लावायची. माझ्या शरीराला वाटलं असेल, या घरात जुळी आहेत. दूध वाढत गेलं. प्रत्येक पिशवीवर मी तारीख आणि वेळ लिहायची आणि फ्रीजरमध्ये आडवी रचायची. चव्वेचाळीस पिशव्या झाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मी फ्रीजर उघडून दाखवायची, इतका मला त्याचा ताठा.

पंपाचा कप मला लहान पडत होता. लाल वळ उठायचे. तरी चालवलं. मग उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दूध साकळलंय, शेकून रगड. मी गरम फडक्याने शेकलं आणि अंगठ्याने इतकं रगडलं की डोळ्यांतून पाणी आलं. असं रगडू नका. आतली सूज त्याने वाढते, हे मला पुढे सर्जननी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. जवळच्या डॉक्टरांनी मास्टायटिस सांगितलं, म्हणजे दूध अडकून छातीला आलेली सूज आणि संसर्ग. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरल्यावर मी तीन दिवसांतच गोळ्या सोडल्या, कारण औषध दुधात उतरेल अशी भीती वाटली. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात. आठवड्याने मी सोनोग्राफीच्या टेबलावर होते.

ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं. नांदेडात दवाखाने कमी नाहीत, पण माझी थोरली बहीण, अक्का, लातूरला असते आणि दवाखान्यात माझ्याजवळ राहणारी तीच होती. रेवाला सर्दी झालेली. वॉर्डात बाळाला आणू नका, असं दवाखान्यानेही बजावलं. त्यामुळे ती नांदेडला माझ्या सासूबाईंजवळ राहिली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. नायगावकडच्या खेड्यात त्यांनी उभा जन्म म्हशी सांभाळल्या, दूध काढलं, तापवलं, विरजलं. लिहिता-वाचता येत नाही, पण दुधातलं त्यांना कळत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

जाण्याआधी मी त्यांना नीट शिकवलं. पिशवी आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात काढायची, मग कोमट पाण्यात धरायची, गॅसवर ठेवायची नाही. त्यांनी दोनदा करून दाखवलं. लाईट गेली तर काय करायचं, हे मात्र मी सांगितलं नाही. मला सुचलंच नाही.

आधी सुईने पू काढला. दोन दिवसांत पुन्हा भरला. मग भूल देऊन चीर घेतली आणि आत ड्रेन ठेवला. ड्रेन म्हणजे पू बाहेर यायला ठेवलेली बारीक नळी. ड्रेसिंगच्या वेळी मी अक्काचा हात धरायची आणि ती म्हणायची, "ओरड की गं, बसमध्ये तर लई ओरडतीस."

डाव्या बाजूचं दूध चांगलं होतं. डॉक्टरांनी ते बाळाला द्यायला परवानगी दिली. मग आमच्या डेपोच्या लोकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. अक्का बर्फाच्या डब्यात पिशव्या घालून स्टँडवर न्यायची आणि नांदेडच्या गाडीवर जो कुणी ड्रायव्हर असेल त्याच्या हवाली करायची. तिकडे माझे मिस्टर उतरवून घ्यायचे. एक दिवसही डबा चुकला नाही. त्यामुळे फ्रीजरमधला साठा फारसा संपला नाही. एकतीस पिशव्या शिल्लक होत्या. रोज फोनवर मी त्यांचीच चौकशी करायची.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर पट्टी पांढरी भिजलेली. पू नव्हता, दूध होतं. सर्जन म्हणाले, "मिल्क फिस्ट्युला." म्हणजे दुधाच्या नळीने जखमेतून वाट काढली होती. जखम भरू बघते आणि दूध तिला भरू देत नाही.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "पाजत राहा, ड्रेसिंग करत राहा. भरेल, पण महिना-दीड महिनाही लागेल. नाहीतर गोळी देतो, दूध बंद होईल, जखम लवकर भरेल. पण दोन्ही बाजूंचं जाईल. धोका कशातच नाही. ठरवायचं तुम्ही. उद्या सांगा."

मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. ओली जखम घेऊन, खांद्यावर बॅग अडकवून गर्दीत उभं राहता येणार नव्हतं. पण दूध तोडायचं म्हणजे एका दिवसात रेवाच्या तोंडचं काढायचं. मग मी बोटांवर हिशेब केला. रोज दोन पिशव्या आणि बाकी वेळ डब्याचं दूध, म्हणजे पंधरा दिवस. तोवर तिला सहा महिने पूर्ण होतात, पेज सुरू होते. हळूहळू सुटेल. साठा आहे म्हणून हे जमेल.

सकाळी मी मिस्टरांना फोन केला. "फ्रीजर उघडा आणि पिशव्या मोजून सांगा."

ते गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "एकतीस. तू टेन्शन घेऊ नको. तू फक्त बरी हो."

नर्सने गोळी आणली. मी घेतली.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. छाती दोन दिवस दगडासारखी होऊन मग सैल पडली होती. मिस्टर घ्यायला आले होते. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, थकलेत.

घराचं फाटक उघडलं आणि वाळत घातलेले कपडे दिसले. रेवाची झबली, लंगोट, आणि त्यांच्या शेजारी ओळीने चिमटे लावलेल्या माझ्या पिशव्या. धुतलेल्या, उलट्या टांगलेल्या, स्वच्छ. शाई फिकट झाली होती तरी माझं अक्षर मला वाचता येत होतं.

मी फ्रीजरकडे गेलेच नाही. तिथेच पायरीवर बसले.

आत्याबाई रेवाला घेऊन बाहेर आल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की मला काही माहीत नाही. त्यांनी लेकाकडे बघितलं. मग त्याच सांगू लागल्या.

"वारं सुटलं अन् डीपी जळाली. लाईट गेली दुपारीच. रात्रभर येणार न्हाई म्हणले. मी बघितलं तर पिशव्या मऊ पडून राहिल्यात्या. कच्चं दूध किती टिकंल, पोरी? सगळं पातेल्यात वतलं अन् तापवलं. एकेक पिशवी पिळून घेतली, थेंब सांडू दिला न्हाई. लेकीला दोन येळा पाजलं, प्याली बी. सकाळी बघते तं नासलं. मग तुझा फोन आला. मोरीत न्हाई वतलं मी. शेवग्याच्या बुडाशी वतलं."

म्हणजे मी गोळी घेतली त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. मिस्टरांनी फोनवर मोजल्या त्या या रिकाम्या पिशव्या.

आमच्याकडे आजारी माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. माणूस वारलं तरी घरी आल्यावर सांगतात. हे सगळे मायेपोटी करतात आणि मीसुद्धा केलंय. पण मला त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मी गोळी घेतली नसती. महिना-दीड महिना जखम वागवली असती, बिनपगारी रजा टाकली असती, पण घेतली नसती. हे मी नवऱ्याला ओरडून सांगितलं. गल्ली ऐकत होती. ते एवढंच म्हणाले, "तुला ताप होता गं. मला भ्याव वाटलं."

आणि आत्याबाईंना मी म्हणाले, "तुम्ही माझ्या लेकीच्या तोंडचं काढलंत." हे वाक्य मला परत घेता येत असतं तर बरं झालं असतं. त्यांनी रेवाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेल्या.

आठ दिवस मी डाव्या बाजूला पंप लावून बघितला. तळ ओला होण्याइतकंही आलं नाही. तपासणीला गेले तेव्हा सर्जननी सांगितलं, प्रयत्नाने कधी कधी परत येतं, पण जखम पुरती भरेपर्यंत नको. मग मी त्यांना फ्रीजरचं विचारलं. ते म्हणाले, भरलेला फ्रीजर उघडला नाही तर दूध दिवसभर सहज गोठलेलं राहतं. अर्धवट वितळलं आणि आत बर्फाचे खडे असले तरी पुन्हा गोठवता येतं.

आमची लाईट दुसऱ्या दिवशी पहाटेच आली होती. आत्याबाईंनी काहीच केलं नसतं, तर बहुतेक सगळं वाचलं असतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणले? तापवलं नसतं तं टिकलं असतं का?"

मी म्हणाले, "नाही. गेलंच असतं."

तेव्हा मला कळलं की नवऱ्याच्या तोंडून 'एकतीस' कसं निघालं असेल. मी नवऱ्याला माफ केलं असं नाही म्हणत. अजूनही रागाने माझे दात आवळले जातात. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलायला लागले. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी हे इथे लिहू शकतेय.

त्यानंतर अडचण दुसरीच झाली. मी गोळी घेतली तेव्हापासून मिस्टरच रेवाला डब्याचं पावडरचं दूध पाजत होते, पण आता आत्याबाई बाटलीला हात लावेनात. "माझ्या हाताला यश न्हाई," म्हणायच्या. ज्या बाईने गावातल्या अर्ध्या घरांना दूध घातलं, ती बाटलीला घाबरून लांब उभी राहायची. हे माझ्या वाक्याने केलं होतं. शेवटी मी ओट्यापाशी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाणी उकळून कोमट करायचं, बाटलीवरच्या या रेघेपर्यंत घालायचं, मग चमचे सपाट करून एवढे. त्या चमचा उचलेनात. मी म्हणाले, "आत्याबाई, मी बोलले ते चुकलं. मला ड्युटीला जायचंय आणि तुमच्याशिवाय रेवाला कुणी न्हाई." त्यांनी डोळे पुसले, चमचा हातात घेतला आणि मलाच म्हणाल्या, "सरक तिकडं, उजेड आडवून राहिलीस."

माझ्या बहिणींनो, पंप लावा, पण गरजेपुरता. गाठ लागली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, गोळ्या मधे सोडू नका. दूध सांभाळणाऱ्या माणसाला लाईट गेल्यावर काय करायचं तेही सांगा. आणि दवाखान्यात असलात तर घरच्यांना बजावून ठेवा, वाईट असलं तरी मला सांगा, निर्णय मला घ्यायचाय.

मी ठरलेल्या दिवशी ड्युटीला गेले. जखमेवर लहानशी पट्टी होती. लातूरला अक्का स्टँडवर डबा घेऊन आली. आत पोळी-भाजी होती. आम्ही दोघींनी बाकावर बसून ती खाल्ली.

संध्याकाळी घरी आले. आत्याबाईंनी सांगितलं की रेवा तीनदा प्याली, झोपली, रडली नाही. मी हातपाय धुऊन तिला घेतलं. ती हसली, आणि मग दिवसभर जे राहून गेलं होतं ते आठवल्यासारखी माझ्या अंगावर तोंड घासू लागली. मुठीने ब्लाऊज धरला. मी तिला डाव्या बाजूला घेतलं.

तिने ओढलं. थांबली. पुन्हा ओढलं. मग तोंड सोडलं आणि माझ्याकडे वर बघितलं. रडली नाही, नुसती बघत राहिली.

मिस्टर दारातून म्हणाले, "बाटली दे की तिला, उगं कशाला..."

"थांबा," मी म्हणाले. आणि मी तिला सांगितलं, "संपलं गं, रेवा. आता इथं दूध न्हाई. पुन्हा येणार न्हाई."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग गाल तिथेच टेकवला आणि झोपून गेली.