तीन ठोके, तिन्ही वेगळे

माझी सून उल्का मूळची मिरजेची. व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. सिंगापुरात नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात दिवसभर लोकांना उभं करते, चालवते, रागावते आणि संध्याकाळी सेंगकांगला घरी येऊन स्वतःचे पाय उशीवर ठेवून पडते. लग्नाआधी आठ वर्षं व्हायोलिन शिकली होती. आपल्या पद्धतीनं, खाली बसून, वाद्याचं डोकं घोट्यावर टेकवून. लग्नानंतर ते व्हायोलिन कपाटावर गेलं. मी काही बोलले नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण सुनेचं वाद्य कपाटावर गेलं की लोक आधी सासूकडे बघतात.

२००६च्या जानेवारीत तिच्याकडे तोरगेर नावाचे पेशंट आले. वय एकोणऐंशी, नॉर्वेचे. जहाजं तपासायच्या नोकरीत चाळीस वर्षांपूर्वी सिंगापूरला आले, इथल्याच चिनी बाईशी लग्न केलं आणि ती गेल्यावरही सेरंगूनच्या फ्लॅटमध्येच राहिले. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली होती. पाय सुधारत होता, बोटं मात्र वळेनात. बाकीचे पेशंट म्हणतात, शर्टाची बटणं लावता आली पाहिजेत. हे म्हणाले, "मला चार तारा दाबता आल्या पाहिजेत."

उल्का त्यांच्या घरी व्यायाम घ्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला एक पेटी उघडायला लावली. आत व्हायोलिनसारखं वाद्य, अंगावर काळ्या शाईची वेलबुट्टी, पट्टीवर शिंपल्याची नक्षी. वर चार तारा, आणि त्यांच्या खाली आणखी पाच.

"अगंबाई, याला तरफा आहेत!" उल्का मराठीतच ओरडली.

तरफा म्हणजे सतारीला खाली असतात त्या तारा. त्यांना कुणी हात लावत नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप गुणगुणतात. सतारी घडवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली मुलगी ती. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं तिला झालं. वाद्याचं नाव हार्डिंगफेले. त्यांच्याकडे गावातली लग्नं आणि नाच यावरच होत.

तोरगेरांचं दुःख बोटांचं नव्हतंच. त्यांच्या वडिलांनी एक नाचाची धून बांधली होती. ती कधी कागदावर उतरली नाही. बापानं वाजवायची, मुलानं ऐकून उचलायची, अशी रीत. थोरला भाऊ वारला. हे 'पुढच्या वर्षी रेकॉर्ड करू' म्हणत राहिले आणि मग हात गेला. जूनअखेर ते कायमचे नॉर्वेला जाणार होते, थोरल्या बहिणीच्या गावातल्या वृद्धाश्रमात.

"मी गेलो की ती धून गेली," ते म्हणाले.

"तुम्ही गुणगुणा, मी वाजवते," उल्का म्हणाली. विचार न करता. तशीच आहे ती.

दर रविवारी ती सेरंगूनला जाऊन ऐकायची आणि त्यांचंच वाद्य घरी आणून आठवडाभर घासायची. इथल्या दमट हवेनं नऊ तारा रोज उतरत. अर्धा तास लावण्यातच जाई. नात ऋचा कानावर हात ठेवून म्हणे, "ममी, इट साउंड्स लाइक मॉस्किटो, लाह!" मी मात्र शेजारी बसून टाळी धरायचे. तीन ठोक्यांचा नाच, म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. त्यात काय कळायचंय?

एप्रिलमध्ये उल्कानं त्यांना अख्खी धून ऐकवली. डोळे मिटून त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "सूर सगळे बरोबर आहेत. पण ही माझ्या वडिलांची धून नाही."

"कुठे चुकलं?"

"सगळीकडे सारखंच चुकलंय."

यापुढे त्यांना सांगता येईना. आयुष्यभर वाजवलेल्या माणसानं ठोके कधी मोजलेच नव्हते. उल्का आणखी तीन रविवार गेली आणि तीन वेळा तेच उत्तर घेऊन आली. तिसऱ्यांदा परत आल्यावर तिनं पेटी भिंतीशी ठेवली. "आई, मी उगाच म्हाताऱ्याला आशा लावली."

"मग तसं त्यांना तोंडावर सांग. फोनवर नाही. चल, मी येते."

गेलो. तोरगेरांनी चहा केला, एका हातानं. उल्का विषय काढेना. तिची चुळबुळ मला बघवेना. शेवटी मीच विचारलं, "ही धून नाचायची आहे ना? मग नाचून दाखवा की."

"आई!" उल्का दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांचा पाय..."

"तू कशाला आहेस? धर."

म्हातारा एवढा हसला की मला बरं वाटलं. त्यांनी उजव्या हातानं जेवणाच्या टेबलाची कड पकडली, उल्कानं मागून कमरेचा पट्टा धरला आणि ते गुणगुणत पावलं टाकू लागले.

"थांबा," उल्का लगेच म्हणाली. "पाऊल पुरतं टेकवत नाही आहात. डाव्या पायावर वजन घ्या."

"पोरी, हे आजारपण नाही. हा नाच आहे. आमच्या टेलेमार्कात सगळे असेच नाचतात."

"पुन्हा करा बरं."

त्यांनी पुन्हा केलं. उल्काची नजर जमिनीवर. मग ती माझ्याकडे वळून भराभरा मराठीत बोलायला लागली. "आई, लंगडणारा माणूस एकाच पायानं लंगडतो. यांचं आखूड पाऊल एकदा डाव्या पायाचं पडतंय, एकदा उजव्याचं. दर तिसरं पाऊल! पहिलं लांब, दुसरं मधलं, तिसरं तोकडं. तिन्ही वेगळी आहेत!"

आणि आम्ही दोघी चार महिने त्या ठोक्यांना सारखं करत बसलो होतो. मात्रा मोजणारी माणसं आम्ही. ते गुणगुणायचे वाकडं, उल्का ऐकायची सरळ, आणि कुठे चुकून वाकडं राहिलंच तर माझी टाळी होतीच. शिवाय मांडी घालून बसल्यावर पाय अडकलेला. त्यांच्याकडे तर वाजवणारा पाय आपटतो आणि सगळं त्या पायावर चालतं.

त्या दिवसापासून उल्का खुर्चीवर बसून, पाय आपटत वाजवायला लागली. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा वर येऊन गेली, तेव्हा मी माझी जुनी गोधडी चौपदरी करून तिच्या पायाखाली घातली. टाळी धरणं मात्र बंद केलं. मला ते तिसरं पाऊल आजही जमत नाही.

मेअखेर तोरगेर म्हणाले, "मला आता बरोबर वाटतंय. पण मी आशेनं ऐकतोय, माझं खरं मानू नका. इंगाला विचारू." इंगा म्हणजे त्यांची बहीण, वय चौऱ्याऐंशी. तिला वाजवता येत नव्हतं. पण तिच्या लग्नात वडिलांनी हीच धून वाजवली होती आणि ती त्यावर नाचली होती. वडिलांच्या हातची ती धून ऐकलेलं दुसरं माणूस आता जगात नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी, इथे संध्याकाळचे सहा आणि तिथे दुपारचे बारा, तोरगेरांच्या घरी फोन स्पीकरवर ठेवला. माझ्या मुलानं, अभयनं, रेकॉर्डिंगचं यंत्र लावलं. उल्कानं धून वाजवली.

मग इंगाबाई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मला धीर नाही.

"म्हणाली, बाबा एवढी घाई करत नसत."

उल्काचा चेहरा पडला. गज मांडीवर आला.

"अजून काय म्हणाल्या?" मी विचारलं. "एवढंच नव्हतं ते."

तोरगेरांनी नाक पुसलं. "म्हणाली, पुन्हा वाजवायला सांग. आता मी उभी राहते."

उल्कानं पुन्हा सुरू केलं, जरा सावकाश. दुसऱ्या ओळीला फोनमधून ठोका आला, लाकडी जमिनीवर काठीचा. लांब, मधला, तोकडा. लांब, मधला, तोकडा. एवढ्या अंतरामुळे उल्काच्या पायाच्या केसभर मागे, पण चुकत नव्हता. मग दोन्हींच्या मध्ये तोरगेरांचा उजवा हात टेबलावर पडायला लागला. धून संपली तरी काठी दोन फेऱ्या चालूच होती, आणि मधूनच म्हातारीचं हसू.

मी पाच महिन्यांनी पाठ टेकली. अभयनं मला अंगठा दाखवला. सगळं उतरलं होतं.

उल्का मात्र फोनकडे झुकली होती, कपाळाला आठ्या.

"तोरगेर, त्यांच्या घरात दुसरं कुणी आहे का? नाही? मग आधी त्यांना खुर्चीत बसायला सांगा. आत्ताच्या आत्ता."